कमलाबाईंना घातलेली अट



मला संयोजकांनी बजावलंय, "मुलांना एका शास्त्रज्ञाची गोष्ट सांग, पण जेवणाची वेळ झालीय हे ध्यानात ठेव." म्हणून ताटातलीच गोष्ट सांगतो. कुणाकुणाच्या शेतात तूर आहे? हात वर करा बरं. बघा, निम्म्याहून जास्त!

आपल्या कडधान्यांत आणि दुधात कोणकोणती प्रथिनं असतात, याचा अभ्यास करायला 1933 साली एक मुलगी बंगळुरूला निघाली. कमला भागवत तिचं नाव, पुढे कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठात ती पहिली आलेली. भारतीय विज्ञान संस्थेकडे तिनं अर्ज केला. तिथले संचालक होते सी. व्ही. रामन. ज्यांच्या शोधासाठी तुम्ही 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करता, तेच. त्यांनी अर्ज नाकारला, कारण ती मुलगी होती.

मोठी माणसंही चुकतात, मुलांनो. गुरुजनांसमोर हे बोलतोय, माफी असावी.

कमला घरी परतली नाही. थेट रामनना भेटली आणि कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष पूर्ण विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि तिथल्या मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको! अपमान गिळून तिनं वर्षभर काम केलं. रामनना ते पटलं आणि पुढे तिथं मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई मात्र तो अपमान म्हातारपणापर्यंत विसरल्या नाहीत, बोलूनही दाखवला.

मग त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तिथं त्यांच्या हाती लागला बटाटा. आपण श्वास घेतो, तसा बटाटाही घेतो. पेशीत अन्नापासून शक्ती तयार होताना 'सायटोक्रोम सी' नावाचं प्रथिन लागतं. ते वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. प्रबंध अवघा 40 पानांचा. 1939 साली पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. दिल्लीत शिकवलं, कुन्नूरला संशोधन केलं, लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. काही कच्च्या कडधान्यांत प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते तिथं अभ्यासले. शिजवल्यावर त्यांचा जोर बराच उतरतो. आजी डाळ मऊ शिजवते ती उगीच नाही! ताडामाडाच्या नीरेतली पोषकद्रव्यंही त्यांनी तपासली. कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना स्वस्तात काय देता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आता थोडं आमच्याविषयी. आमच्या वर्गाला विज्ञानाच्या तासाला एकच स्टँड आणि मोजक्या परीक्षानळ्या मिळायच्या. आम्ही मुलं टेबलाला चिकटून उभे. मुली मागे, टाचा उंचावून बघायच्या. कुणी नियम केला नव्हता. आम्ही जागा दिली नाही, इतकंच. त्यांतली एक निरीक्षणं आमच्यापेक्षा नेटकी लिहायची. आम्ही तिचीच वही उतरवून मार्क घेतले. दहावीनंतर तिचं लग्न झालं. आज ती तिसऱ्या रांगेत बसलीय. नाव सांगत नाही, मघापासून मला डोळ्यांनी दटावतेय. तिला त्या वर्गात टेबलाजवळ जागा द्यायला रामन यांची परवानगी लागणार नव्हती. मी एक पाऊल मागे सरलो असतो तरी पुरलं असतं.

तर मुलांनो, जेवण झालं की प्रयोगशाळेत या. एक बटाटा आणि मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणलीय. पेरॉक्साइडमध्ये बटाट्याची कच्ची फोड टाकली की बुडबुडे येतात. हे काम सायटोक्रोमचं नव्हे, बटाट्यातल्याच दुसऱ्या एका प्रथिनाचं. कुणाचं, ते तिथं सांगतो. पण परीक्षानळी आधी आमच्या वर्गातल्या मुली धरतील. आम्ही मागे उभे राहू.