चीरघरातला माणूस



आज मी एका शब्दापासून सुरुवात करतो : चीरघर. पुस्तकी मराठीत त्याला शवविच्छेदनगृह म्हणतात; आपल्याकडे मात्र लोक चीरघरच म्हणतात. या शब्दात भीती आहे, थोडी किळसही आहे आणि ती दोन्ही तिथे काम करणाऱ्या माणसाला जाऊन चिकटतात.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. शवविच्छेदन हे माझे काम नव्हे. पण बी.एच.एम.एस.ला शरीररचना मृतदेहावरच शिकलो, न्यायवैद्यकही अभ्यासाला होते. म्हणून या माणसाचे काम काय असते, ते सांगू शकतो.

वैनगंगेत बुडालेला, साप चावलेला, विष प्यायलेला, रस्त्यावर चिरडलेला असा देह आला की पोलिसांचे कागद, नोंदवही, अंगावरची चिठ्ठी हे आधी जुळवायचे. चिठ्ठी चुकली तर एका घरचा माणूस दुसऱ्याच घरी जाईल. देह ठेवायचा तो साधारण 4 अंश सेल्सिअसला. विच्छेदनाची जबाबदारी डॉक्टरांची. पण कवटीवर करवत चालवणे, अवयव तोलणे आणि शेवटी देह शिवून, धुऊन, गुंडाळून देणे हे बहुधा याच्या हातून होते.

विषाचा संशय असेल तर जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड बरण्यांत जातात. बरणीत साध्या मिठाचे संपृक्त द्रावण असते. स्पिरिटही चालते, पण दारूच्या विषबाधेचा संशय असेल तर चालत नाही, कारण मग पोटातली दारू कुठली आणि बरणीतली कुठली, हे कसे ठरवायचे? लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत सून आत्महत्येने गेली, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली तिचा देह तपासणीला जातो. जुन्या कायद्यातही हेच होते. तिच्या माहेरच्यांना न्याय मिळणे पुष्कळदा त्या बरणीच्या झाकणावर, चिठ्ठीवर आणि सीलवर अवलंबून असते.

आता घरची गोष्ट. आम्हां जैनांत निष्प्राण देहात थोड्याच वेळात सूक्ष्म जीव उपजतात अशी श्रद्धा आहे. म्हणून दहनाची घाई असते. अशा वेळी लोक मला म्हणतात, "डॉक्टरसाहेब, तुमची ओळख आहे, चिरफाड तेवढी टाळा." मी सांगतो, कायद्याने लागणारी तपासणी ओळखीने टळत नाही आणि टळूही नये. टाळता येतो तो उशीर. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसे. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने, जिथे पुरेसा उजेड आणि सोयी आहेत तिथे रात्रीही ते करायला मोकळीक दिली. खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू अशी प्रकरणे मात्र एरवी वगळली. पण रात्रीचे काम म्हणजे रात्रीचा माणूसही आला. त्याची पाळी, त्याचा पगार यांची मोजदाद कोण करतो?

त्याला धोकेही आहेत. हाडाच्या टोकाने हातमोजा फाटला तर हिपॅटायटिस बी होऊ शकतो. क्षयाचे जंतू रोग्याबरोबर मरत नाहीत. लस, मास्क, जाड हातमोजे, हवा खेळती राहणारी खोली, रीतसर प्रशिक्षण हे सारे त्याच्या हक्काचे आहे. ब्रिटनमध्ये या कामाला वेगळे नाव आणि वेगळे शिक्षण आहे. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी ते सफाईच्या कामातलेच समजतात आणि त्यामागे जातीचा जुना हिशेब आहे, हे साहित्याच्या व्यासपीठावर तरी स्पष्ट म्हटले पाहिजे. इथे आणखी एक विपरीत दिसते : "तो दारू पिऊनच काम करतो" असे लोक हसून सांगतात, कामच असे का ठेवले की शुद्धीत करवत नाही, हे कोणी विचारत नाही.

मे 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मृतांच्या सन्मानाविषयी सूचना काढल्या. तो सन्मान कागदावरून देहापर्यंत पोहोचवणारा हात याच माणसाचा. टाके नीट, चेहरा पुसलेला, चादर स्वच्छ असेल तर आई शेवटचे तोंड पाहू शकते.

मंडळातल्या लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या कथांत चीरघर येते ते भुताटकीसाठी किंवा गुन्ह्यासाठी. एकदा तिथल्या माणसाला कामावर येताना, डबा खाताना, घरी जाऊन आंघोळ करताना लिहा. आणि आपल्यावर तशी वेळ आली, तर देह ताब्यात घेताना त्याच्या हातावर पैसे टेकवण्याआधी त्याचे नाव विचारा.