तासांचे बिल



आमच्या गणेशगुडीस नदी तासांवर चालते. 1987 साली पुऱ्या झालेल्या सुपा धरणाच्या पायथ्याशी पन्नास मेगावॉटची दोन जनित्रे आहेत. ती फिरू लागली म्हणजे खाली काळी नदीला पाणी चढते. थांबली म्हणजे खडक उघडे पडतात. रबरी तराफ्यांतून प्रवाशांना नेणारी मंडळी त्या पाण्याची वाट पाहत काठावर बसलेली असतात. प्रवासी दाम मोजतो तो फेरीचा. वाट पाहण्यात गेलेल्या सकाळीचा हिशेब त्याने का करावा?

मी या गावी राहून भाषांतराचा धंदा करतो. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. पुढे सीमा आखली गेली, पण सीमेच्या दोन्ही अंगांचे व्यवहार काही थांबले नाहीत. म्हणून कन्नडचे मराठी करणाऱ्याचे पोट चालते. नोकरी कोणाची नाही. काम येते, करून धाडतो आणि बिल पाठवितो.

आपल्याकडे मजुरीच्या दोन रीती जुन्या आहेत. एक रोजाची, दुसरी उक्त्याची. गवंडी रोजावर येतो, विहीर खणणारा काम उक्ते घेतो. भाषांतराचे दर बहुधा शब्दांवर ठरतात, परंतु दुसऱ्याने केलेले भाषांतर तपासावयाचे असेल तर शब्द मोजून काय उपयोग? तेथे तास मोजावे लागतात.

असे पहिले काम मला एका व्यापारी पेढीने दिले. जुन्या करारांची भाषांतरे मूळ कन्नडशी ताडून पाहावयाची होती. दर तासाला 200 रुपये. काम संपल्यावर मी एका ओळीचे बिल लिहिले : ‘तपासणी, 31 तास, रुपये 6,200.’ उलट टपाली प्रश्न आला, ‘एकतीस तास कसे?’ मजपाशी उत्तर नव्हते. तास मी लिहून ठेवलेच नव्हते; शेवटी आठवून अदमासाने मांडले होते. त्यांनी 24 तासांचे पैसे दिले व मी ते मुकाट्याने घेतले. चौदाशे रुपये गेल्याचे दुःख दोन दिवस राहिले. खरोखर एकतीस तास झाले होते की नाही, हे माझे मलाच ठाऊक नव्हते, याची लाज पुष्कळ दिवस टिकली.

तेव्हापासून मी वही ठेवली. बॉस्टनचे एक वकील रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या पेढीत तासाचे दहा भाग पाडून सहा-सहा मिनिटांची नोंद ठेवण्याची पद्धत आणली. आपली जुनी घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे असे चार भाग बरोबर एका घटकेत बसतात! काम सुरू केल्याची वेळ, थांबविल्याची वेळ आणि मध्ये काय केले, एवढेच मी लिहितो. ‘दुसरा करार, कलमे 1 ते 18, मुळाशी ताडून, 2 तास 30 मिनिटे.’ अशी ओळ वाचून गिऱ्हाइकाला काही विचारावेसे वाटले, तर निदान काय विचारावे हे त्याला कळते.

वही ठेवू लागल्यावर खरी अडचण समोर आली. कोणता तास गिऱ्हाइकाचा आणि कोणता माझा? त्या करारातील एखाद्या अपरिचित संज्ञेचा शोध घेतला, तो वेळ त्याचा. जे मला धंद्यात पडण्यापूर्वीच यावयास हवे होते ते शिकत बसलो, तो माझा. झोपेच्या गुंगीत एक पान दोनदा वाचले, तेही माझेच. हा निवाडा करताना दुसरा कोणी पाहत नसतो.

मग दराचा विचार आला. महिन्याचे 25 दिवस, दिवसाचे आठ तास, एकूण 200. मला खर्चाला 40,000 लागतात, म्हणून 200 रुपये दर, असे माझे भोळे गणित होते. वहीने दाखविले की त्यांतले शंभर तास पत्रव्यवहारात, बिले लिहिण्यात, थकलेल्या पैशांची आठवण देण्यात आणि कामाची वाट पाहण्यात जातात. मग दर 400 हवा. तराफेवाल्याच्या फेरीच्या भाड्यात त्याची रिकामी सकाळ असावयास हवी, तशीच ही गोष्ट आहे. दुप्पट दर सांगताना जीभ अडखळली, हे कबूल केले पाहिजे. दोन गिऱ्हाइके तुटलीही.

तासांच्या हिशेबात एक खोड आहेच. हात बसला की सहा तासांचे काम चारांत होते आणि मिळकत घटते. कसबाला दंड झाल्यासारखे होते. यासाठी परिचयाचे काम मी आता उक्ते घेतो. ज्या कामाचा थांग लागत नाही तेवढेच तासांवर घेतो, आणि आधी लिहून देतो की वीस तासांपलीकडे जाण्याची वेळ आली तर विचारल्यावाचून जाणार नाही.

उशिरा येणाऱ्या पैशांसाठी 2006 चा कायदा आहे. रीतसर नोंदलेल्या लहान उद्योगाचे देणे फार तर 45 दिवसांत द्यावे, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असे तो सांगतो. व्याजाचे बिल धाडून गिऱ्हाईक राखणारा पुरुष मात्र मला अद्याप भेटावयाचा आहे.

गेल्या पावसाळ्यात त्याच पेढीचे काम पुन्हा आले. मी नव्या दराने 22 तास 18 मिनिटांचे बिल धाडले, सोबत वहीची दोन पाने. त्यांत एक ओळ होती : ‘झाड पडून वीज गेली, 3 तास, आकार नाही.’ पैसे पंधरवड्यात आले. तासांविषयी एक अक्षर नव्हते. फक्त त्यांच्या हिशेबनीसाने फोन करून विचारले, ‘अहो, धरण तुमच्या उशाशी, आणि वीज तुमचीच जाते, हे कसे?’ ते समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. तो मी वहीत लिहिला नाही.