निपुत्रिक घर आणि पुरुष

घरांत पाळणा हलला नाहीं कीं दोष सुनेच्या माथीं. नवससायास तिनेंच करावयाचे. वस्तुतः, श्रोतेहो, अशा सुमारें निम्म्या जोडप्यांत कारणाचा वांटा पुरुषाकडेहि असतो. अमेरिकेंतील लॅथ्रॉप गांवीं डीबीसीपी हें कृमिनाशक बनविणाऱ्या कामगारांना मुलें होत नाहींत, हें प्रथम त्यांच्याच ध्यानांत आलें. १९७७ सालीं नसबंदी न झालेले २५ जण तपासले. पैकीं १४ जणांच्या वीर्यांत शुक्रजंतु अत्यल्प वा मुळींच नव्हते.

विषाची गोष्ट सोडा. भट्टीची आंच व तंबाखूहि शुक्रजंतूंस बाधक. ते तयार व्हावयास सुमारें अडीच महिने लागतात. तेव्हां व्यसन सोडल्याचा गुण आठवड्यांत दिसावयाचा नाहीं. वीर्यपरीक्षा स्त्रीच्या तपासणीहून किती तरी सोपी. परंतु तिचें नांव काढतांच नवरोजींचा पुरुषार्थ आडवा येतो, आणि सून मात्र वैद्यांचे उंबरठे झिजवीत राहते.