बोकडाचे वळण

शेळीला गरिबाची गाय म्हणतात, आणि इंदूरच्या आसपास माळव्यातही तिचा आधार अनेक कुटुंबांना आहे. परंतु अंगणात लाडाने वाढलेला बोकड पुढे मुलांना टक्कर मारू लागला, तर दोष केवळ त्याचा नसतो. करडाच्या कपाळाला तळहात लावून ढकलण्याचा खेळ मुले कौतुकाने खेळतात. तीच त्याला झुंजीची शिकवण ठरते. हा खेळ प्रथम बंद करावा. नर करडे तीन महिन्यांनंतर माद्यांपासून वेगळी बांधावीत. पैदाशीस नको असलेल्या नराचे खच्चीकरण पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. मस्तीत आलेल्या बोकडाकडे पाठ फिरवू नये. काठीने त्याला डिवचू नये. शाळेच्या वाटेवर तर तो मोकळा मुळीच सोडू नये. वळण लहानपणीच लागते.