‘द ग्रेट गिली हॉपकिन्स’ : तात्पुरत्या घरातले मूल



बालवाङ्मयात अनाथ मुलाचे पात्र जुनेच आहे. अशा मुलाचा प्रथम छळ होतो, मग त्याला कनवाळू आश्रयदाता भेटतो आणि अखेरच्या पानावर हरवलेले घर सापडते. कॅथरीन पॅटरसन या अमेरिकन लेखिकेची १९७८ साली प्रसिद्ध झालेली ‘द ग्रेट गिली हॉपकिन्स’ ही कादंबरी या वहिवाटीने जात नाही. तिची नायिका, अकरा वर्षांची गिली, मुळात अनाथच नाही. तिची आई जिवंत आहे, कॅलिफोर्नियात राहते. मात्र मुलीला तिने सांभाळलेले नाही. सरकारी व्यवस्था गिलीला एका घरातून दुसऱ्या घरात ठेवत आली आहे. पुस्तक उघडते तेव्हा ती समाजसेविकेच्या मोटारीत बसून मेरिलँडमधील आणखी एका नव्या घरी निघालेली असते.

या व्यवस्थेला इंग्रजीत ‘फॉस्टर केअर’ म्हणतात. आपल्याकडे ‘दत्तक’ हा शब्द पूर्वापार आहे, कारण त्यामागे वंशाची आणि गादीची निकड होती. १८७५ साली कवळाण्याच्या गोपाळरावांना महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले आणि बडोद्याला सयाजीराव महाराज लाभले. तो मुलगा त्या घराचा झाला तो कायमचा. फॉस्टर केअरमध्ये नेमके हे ‘कायमचे’ नसते. मूल सांभाळायचे, त्यासाठी सरकारकडून खर्च घ्यायचा आणि वेळ आली की परत द्यायचे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने आपल्या देशातही ही सोय सांगितली असून सरकारी कागदपत्रांत तिच्यासाठी ‘प्रतिपालकत्व’ हा शब्द येतो. घरात मात्र तो अजून कोणी उच्चारत नाही.

पॅटरसनबाईंना हा विषय अनुभवातून मिळाला. कंबोडियातून आलेली दोन निर्वासित मुले काही काळ त्यांच्या घरी होती. काही अडचण आली की, ही मुले थोड्याच दिवसांची पाहुणी आहेत, फार खोलात शिरायला नको, असा विचार आपल्या मनात येई, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. आपल्याला सगळेच तात्पुरते मानतात हे ज्या मुलाला कळते, त्याच्या मनाचे काय होत असेल? कादंबरी या प्रश्नातून उगवली.

त्याचे उत्तर गिलीच्या वागण्यात दिसते. कोणी आपल्याला टाकण्याआधी आपणच त्यांना नकोसे व्हायचे, हे तिचे शास्त्र आहे. पूर्वी एका कुटुंबात तिचा जीव गुंतला होता. ते कुटुंब फ्लोरिडाला गेले आणि तिला मागे ठेवून गेले. तेव्हापासून ती प्रेमाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. ती खोटे बोलते, शिव्या देते, चोरी करते. तिच्या मनात काळ्या लोकांविषयी द्वेष आहे आणि लेखिकेने तो झाकलेला नाही. तोंडी असलेल्या शिव्यांमुळे हे पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांतून काढावे, अशा मागण्या अमेरिकेत झाल्या. पण गोडबोली गिली ही गिलीच राहिली नसती.

तिला सांभाळणाऱ्या मेम ट्रॉटर या लठ्ठ, अर्धशिक्षित, धुळीने माखलेल्या घरात राहणाऱ्या विधवा आहेत. विल्यम अर्नेस्ट हा भेदरट लहानगा त्यांच्याकडे आधीपासूनच आहे, आणि शेजारचे रँडॉल्फ हे अंध, काळे, वृद्ध गृहस्थ रोज रात्री जेवायला येतात. आईकडे पळून जाण्यासाठी गिली याच वृद्धाच्या पुस्तकांमागे दडलेले पैसे चोरते; ट्रॉटरबाईंना तिच्याच पालनासाठी मिळालेली रक्कमही उचलते. ती पकडली जाते तेव्हा बाई तिला सोडवून घरी आणतात, आणि चोरलेले पैसे तिला काम करून फेडायला लावतात. कीव करण्यापेक्षा हे हिशेबी प्रेम गिलीला अधिक खरे वाटते. हळूहळू ती विल्यम अर्नेस्टला प्रतिकार करायला शिकवते, सगळे तापाने आडवे पडले असता त्यांची शुश्रूषा करते. आता ते घर तिचे झालेले असते.

पण तोवर उशीर झालेला असतो. रागाच्या भरात तिने आईला एक पत्र लिहिलेले असते, त्यात या घराची खोटीनाटी निंदा केलेली असते. त्या पत्रामुळे आजीला प्रथमच कळते की आपल्याला एक नात आहे, आणि ती गिलीला न्यायला येते. रक्ताचे नाते आहे, कायदाही आजीच्या बाजूने आहे. ट्रॉटरबाईंना मुलगी द्यावी लागते. यशोदेच्या अंगणातून कृष्ण मथुरेला निघाला, ती कथा आपल्याकडे देवकीच्या बाजूने क्वचितच ऐकली जाते. इथे मात्र आजी वाईट नाही, हे विशेष. व्हिएतनामच्या युद्धात तिचा मुलगा गेला, मुलगी घर सोडून गेली. तिचे रिकामे घरही कोणाची तरी वाट पाहत आहे.

आईचे आगमन हा कादंबरीतील सर्वांत कठोर प्रसंग. आईने मुलीचे नाव गॅलाड्रिएल ठेवले होते, टॉल्किनच्या कथेतील तेजस्वी राणीचे. गिलीने वर्षानुवर्षे उराशी जपलेल्या छायाचित्रातली आईही तशीच राणीसारखी. नाताळात विमानतळावर उतरते ती मात्र वेगळीच बाई, स्थूल आणि विस्कटलेल्या केसांची. आजीने भाड्याचे पैसे पाठवले म्हणून ती आली आहे, आणि राहणार नाही.

गिली तिथूनच ट्रॉटरबाईंना दूरध्वनी करते. परत यायचे आहे म्हणते. एखाद्या मवाळ लेखिकेने तिला इथे परत पाठवले असते. ट्रॉटरबाई तिला परत बोलावत नाहीत. सुखान्त हे पुस्तकातले खोटे असते, आयुष्य कष्टाचे असते आणि तुझे घर आता आजीकडेच आहे, अशा आशयाचे त्या तिला समजावतात. कोणाही मोठ्या माणसाला उद्देशून ‘माझे तुमच्यावर प्रेम आहे’ असे न म्हणणारी मुलगी ते शब्द या वेळी म्हणते. मग डोळे पुसून ती वाट पाहत उभ्या असलेल्या आजीकडे आणि आईकडे परतते, खोळंबा झाल्याबद्दल क्षमा मागते आणि आता घरी जाऊ या, असे सांगते.