पेटीत जपलेला कागद



बाप्तिस्म्याची नोंद म्हटली की चर्चमधली जाडजूड वही डोळ्यांसमोर येते. ती वही जुनीच आहे. १५३८ साली इंग्लंडमध्ये राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे गावोगावच्या चर्चला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायला लावली. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या राजानेही बाप्तिस्म्याच्या नोंदीचा हुकूम काढला. पण ही वही चर्चच्या कपाटात राहते. मला आज बोलायचं आहे ते घरातल्या पेटीत राहिलेल्या एका कागदाबद्दल.

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हजारो जर्मनभाषक शेतकरी येऊन वसले. त्यांच्यातले ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड पंथाचे लोक तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत आणि त्याचा रंगीत दाखला करून घेत. त्याला ते 'टाउफशाइन' म्हणत. शेजारचे आमिश आणि मेनोनाइट पंथांचे लोक मोठेपणी बाप्तिस्मा घेणारे, त्यांच्यात हा प्रघात नव्हता. गंमत अशी की हा दाखला चर्चही देत नसे आणि सरकारही मागत नसे. तो लिहायचा बहुतेक वेळा गावचा शाळामास्तर. फ्रीडरिख क्रेब्स हा असाच एक मास्तर. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढायला आलेला हा जर्मन शिपाई युद्ध संपल्यावर तिथेच राहिला आणि त्याने असे शेकडो कागद रंगवले.

हा कागद जरा जवळून पाहू. मधोमध मोठं बदाम, त्यात टोकदार जर्मन अक्षरांतला मजकूर, भोवती ट्युलिपची फुलं आणि समोरासमोर बसलेले पोपट. १७८०च्या दशकापासून एफ्राटासारख्या गावांतल्या छापखान्यांतून छापील नमुने निघू लागले. मग मास्तर मोकळ्या जागा भरायचा आणि चित्रं हाताने रंगवायचा. मजकुरात बाळाचं नाव, जन्मदिवस, गाव, पाद्री आणि धर्मपिता-धर्ममाता असायचे. कधी जन्मवेळ आणि रासही असे; ती वाचताना आपल्याला पत्रिकाच आठवते. वडिलांच्या नावाशेजारी आईचं नाव असे, आणि तेही माहेरच्या आडनावासकट. लग्नानंतर सरकारदरबारी पुसलं जाणारं ते आडनाव इथे फुलापानांत सुखरूप राहिलं. एवढ्यासाठीच मला हे कागद फार मोलाचे वाटतात.

कोणी न मागितलेला हा कागद पुढे मागितला गेला. १८३८ च्या कायद्याने स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळू लागली, पण लग्न १ जानेवारी १७९४ पूर्वी झाल्याचा पुरावा हवा होता. पेनसिल्व्हेनियात राज्यभर नियमित जन्मनोंदणी सुरू झाली १९०६ साली, तेव्हा या बायकांनी पुरावा आणायचा कुठून? त्यांनी बायबलमधली नोंदीची पानं फाडून पाठवली. कोणी आपल्या लेकराचा टाउफशाइन पाठवला, कारण थोरल्या मुलाच्या जन्मतारखेवरून लग्नाचा काळ कळत होता.

त्यातले कितीतरी कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, पेन्शनच्या फायलींमध्ये आजही आहेत. पण काळाने त्यांच्यावर खुणा केल्या आहेत. त्या काळी चित्रांतला हिरवा रंग बहुधा तांब्यापासून करत. तो जिथे दाट बसतो तिथे वर्षानुवर्षांनी कागद खातो. म्हणून अशा जुन्या दाखल्यांत कधी पोपटाच्या पंखाच्या जागी नुसतं भोक दिसतं आणि शेजारी आईचं माहेरचं आडनाव काळ्या शाईत स्वच्छ वाचता येतं.