दिग्रसचीं सहा अक्षरचिन्हें

यवतमाळ जिल्ह्यांतील दिग्रस या गांवाचें नांव कागदावर लिहून पाहावें. उच्चारांत 'द' आधीं येतो व इकार मागाहून. परंतु कागदावर वेलांटी 'द'च्या डावीकडे बसते. पुढें 'ग'ला जोडला जातांना 'र' आपलें रूप टाकून केवळ एक तिरकी रेघ होऊन राहतो. शाळेंतील मुलाला हें सहज साधतें. संगणकाला तें शिकविणें मात्र सोपें नव्हतें.

त्या काळचे छोटे संगणक इंग्रजीकरितां घडविलेले होते. एका चौकटींत एक अक्षर, पुढचें त्याच्या उजवीकडे, एवढेंच त्यांना ठाऊक. १९८० नंतरच्या दशकांत कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें श्री. मोहन तांबे प्रभृतींनीं हा प्रश्न हातीं घेतला. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली व तें कार्य तेथें पुढें चाललें. त्याचें फळ म्हणजे 'जिस्ट' कार्ड: संगणकाच्या पोटांतील खाचेंत बसविण्याचा एक सर्किट बोर्ड.

अशा बोर्डाच्या रचनेंत खरा निर्णय कामाच्या वांटणीचा असतो. येथें तो असा झाला, कीं स्मृतींत उच्चार साठवावा, आकार नव्हे. द, इकार, ग, हलन्त, र, स असे सहा संकेत, बोलण्याच्याच क्रमानें. वेलांटी डावीकडे नेणें, जोडाक्षर बांधणें हें काम कार्डानें करावें. त्यामुळें इंग्रजीसाठीं लिहिलेलें पुष्कळ सॉफ्टवेअर न बदलतां मराठी मजकूर दाखवूं लागलें. ही संकेतपद्धति १९९१ सालीं 'इस्की' या नांवानें भारतीय मानक ठरली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींत समान वर्णाला समान संकेत असल्यामुळें तेंच दिग्रस तेलुगु लिपींतही दाखवितां येई.

पुढें विंडोज आलें आणि आकारालाच संकेत देणारे नानाविध फाँट प्रचारांत आले. एका छापखान्यांत जुळविलेला मजकूर दुसरीकडे उघडतांच निरर्थक चिन्हांची रांग दिसे. त्यांत शब्द शोधणें वा नांवें अकारविल्हे लावणें दुरापास्त झालें. हा घोळ युनिकोडनें निस्तरला; आणि त्यांतील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे.

आज त्या कार्डाचें काम सॉफ्टवेअरच करतें. तथापि मोबाइलवर कोणीं दिग्रस लिहिलें, तर आंत तेच सहा वर्ण त्याच क्रमानें साठविले जातात. बोर्डावर पहिली रेषा ओढण्यापूर्वीं केलेला विचार बोर्डापेक्षां अधिक काळ टिकला, हें नव्या रचनाकारांनीं ध्यानांत ठेवावें.